बांजुल ते बांजुल : प्रस्तावना

गांबिया हा आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरचा सर्वांत लहान देश. त्याच नावाच्या नदीच्या दोन्ही काठांना धरून तो चिंचोळा पसरला आहे. एका बाजूला समुद्र, उरलेल्या तिन्ही बाजूंना सेनेगल. बांजुल ही त्याची राजधानी. ऑगस्ट १९९० मध्ये या शहरात जमलेल्या पश्चिम आफ्रिकी नेत्यांनी लायबेरियातल्या यादवीत आपले सैन्य उतरवायचे ठरवले. जानेवारी २०१७ मध्ये त्याच देशांच्या समूहाचे सैन्य खुद्द गांबियात शिरले आणि निवडणूक हरूनही खुर्ची न सोडणाऱ्या राज्यकर्त्याला देश सोडावा लागला. पहिल्या वेळी हजारो माणसे मेली आणि शांतता यायला तेरा वर्षे लागली. दुसऱ्या वेळी जवळजवळ रक्त न सांडता काम झाले. सव्वीस वर्षांच्या या अंतरात शेजारी काय शिकले आणि काय विसरले, हे शोधण्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे.

मराठीत या विषयावर फार थोडे लिहिले गेले आहे, त्यामुळे सुरुवात ओळखीपासूनच करतो. पश्चिम आफ्रिकी देशांचा आर्थिक समुदाय, म्हणजे ‘इकोवास’, २८ मे १९७५ रोजी लागोसमध्ये जन्मला. नायजेरियाचे याकुबू गोवॉन आणि टोगोचे न्यासिंगबे एयाडेमा यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. पंधरा देशांनी सह्या केल्या आणि केप व्हर्दे मागाहून आला. इंग्रजी, फ्रेंच आणि पोर्तुगीज अशा तीन साम्राज्यांनी कापून ठेवलेल्या या प्रदेशात माल आणि माणसे मोकळेपणाने फिरावीत, एवढीच मूळ इच्छा होती. १९७९ मध्ये नागरिकांना व्हिसाशिवाय ये-जा करू देणारा करार झाला, आणि आजही सामान्य माणसाला इकोवास ठाऊक आहे तो त्यामुळेच. सैन्याचा विचार त्यात जवळपास नव्हता. १९७८ चा अनाक्रमणाचा करार आणि १९८१ चा परस्पर संरक्षणाचा करार होते खरे, पण दोन्ही करारांनी गृहीत धरलेला धोका बाहेरून येणारा होता. सदस्य देश आतूनच कोसळला तर काय करायचे, याचे उत्तर कोणत्याही कागदावर नव्हते.

या पुस्तकाच्या मुळाशी असलेला प्रश्न मराठी वाचकाला नवा वाटणार नाही. भावकीच्या भांडणात पंच म्हणून बसणारा माणूस बहुधा त्याच भावकीतला असतो. वाद बांधाचा असेल, तर त्याचाही बांध जवळपासच असतो. म्हणूनच खरेखोटे त्याला ठाऊक असते आणि म्हणूनच त्याच्या निवाड्यावर संशयही घेतला जातो. त्याची माहिती आणि त्याचा स्वार्थ एकाच मुळातून आलेले असतात, त्यांतले एक ठेवून दुसरे उपटता येत नाही. दूरचा न्यायाधीश निकाल देऊन निघून जातो. भावकीतल्या पंचाला मात्र दुसऱ्या दिवशी त्याच पाणवठ्यावर जायचे असते. राष्ट्रसमूहांची सारी शक्ती आणि सारी अडचण इथे आहे.

लायबेरियात ही भावकी अगदी शब्दशः होती. १९८० मध्ये सॅम्युएल डो या सार्जंटने बंड करून सत्ता घेतली आणि त्यात अध्यक्ष विल्यम टॉल्बर्ट मारले गेले. टॉल्बर्टांचा मुलगा हा आयव्हरी कोस्टचे अध्यक्ष फेलिक्स उफुए-ब्वान्यी यांच्या मानलेल्या मुलीचा नवरा. डोच्या माणसांनी त्यालाही ठार केले. ही जखम उफुए-ब्वान्यी यांनी विसरली नाही. २४ डिसेंबर १९८९ रोजी बंडखोर नेते चार्ल्स टेलर यांची लहानशी सशस्त्र तुकडी लायबेरियाच्या निंबा प्रांतात घुसली ती आयव्हरी कोस्टच्याच सीमेवरून. बुर्किना फासोच्या ब्लेझ कोंपाओरे यांचाही टेलरना पाठिंबा होता. उलट नायजेरियाचे इब्राहिम बाबांगिदा डो यांचे मित्र मानले जात. म्हणजे समूहाने मध्यस्थीचा पहिला शब्द उच्चारण्याआधीच त्याचे सदस्य दोन्ही बाजूंना वाटले गेले होते.

मे १९९० मध्ये स्थायी मध्यस्थी समिती नेमली गेली. तिचे पाच देश होते गांबिया, घाना, माली, नायजेरिया आणि टोगो. लायबेरियात निवडणुका व्हाव्यात, असे या समितीने सांगितले, पण तिच्या पाच राष्ट्रप्रमुखांपैकी चार जण स्वतः लष्करी बंडातून सत्तेवर आले होते. लोकांनी निवडून दिलेले एकटे गांबियाचे दावदा जावारा. ही विसंगती लक्षात ठेवावी, पुढे ती पुन्हा पुन्हा समोर येते. तरीही या समितीची निंदा करून थांबणे मला पटत नाही. त्या उन्हाळ्यात राजधानी मनरोव्हियात चर्चमध्ये आसरा घेतलेल्यांचीही कत्तल झाली होती. अमेरिकेने आपली आणि परक्या देशांची माणसे सोडवली आणि पुढची जबाबदारी घेतली नाही. साऱ्या जगाचे लक्ष तेव्हा कुवेतकडे वळले होते. निर्वासित येत होते ते सिएरा लिओन, गिनी आणि आयव्हरी कोस्टमध्ये. हात झटकून मोकळे होणे ज्यांना शक्य नव्हते, तेच पुढे आले.

२४ ऑगस्ट १९९० रोजी घानाचे लेफ्टनंट जनरल आर्नल्ड क्वाइनू यांच्या नेतृत्वाखाली ‘इकोमॉग’ हे दल सिएरा लिओनच्या फ्रीटाउनहून समुद्रमार्गे मनरोव्हियाच्या बंदरात उतरले. नावाने ते युद्धविरामावर देखरेख करणारे दल होते, पण देखरेख करण्याजोगा युद्धविरामच नव्हता. सोळा दिवसांनी अध्यक्ष डो इकोमॉगच्या मुख्यालयात भेटीला आले असताना, त्या दलाच्या डोळ्यांदेखत, प्रिन्स जॉन्सन यांच्या बंडखोरांनी त्यांना पकडून नेले आणि हाल करून मारले. शांतिदलाच्या आवारातून राष्ट्रप्रमुख पळवला जातो, हा धक्का मोठा होता. दलाचे नेतृत्व नायजेरियाकडे गेले, टेलर यांच्या फौजा राजधानीबाहेर रेटल्या गेल्या, आणि नोव्हेंबरमध्ये बामाको इथे शस्त्रसंधी झाली.

इथून पुढच्या सात वर्षांत तहांची मोठी माळ आहे. बामाको, यामुसुक्रो, कोटोनू, अबुजा, पुन्हा अबुजा. मधल्या काळात, ऑक्टोबर १९९२ मध्ये, टेलर यांनी मनरोव्हियावर मोठा हल्ला चढवला. तेव्हा इकोमॉगने विमानांतून बाँब टाकले आणि टेलरविरोधी टोळ्यांना हाताशी धरले. त्या दिवसांत पंच स्वतःच पक्षकार झाला. सैनिकांच्या लुटीला कंटाळलेल्या लायबेरियन लोकांनी इकोमॉग या आद्याक्षरांची नवी फोड केली होती : जी गाडी दिसेल, जी वस्तू हलेल, ती गेली म्हणून समजा. आणि तरीही मनरोव्हियात जीव वाचवून राहिलेल्या लाखो माणसांसाठी शहराची वेस राखणारे दुसरे कोणी नव्हते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. त्यांतली एक सोयीने गाळून लिहिलेला इतिहास मला अपुरा वाटतो.

या हस्तक्षेपाची किंमत शेजाऱ्यांनी आपापल्या घरात चुकती केली. इकोमॉगला तळ दिला म्हणून सिएरा लिओनलाही युद्धाची चव चाखावी लागेल, अशी धमकी टेलर यांनी दिली होती. मार्च १९९१ मध्ये फोडे सांकोह यांचे बंडखोर लायबेरियाच्या बाजूने त्या देशात शिरले आणि अकरा वर्षे तिथे हात तोडणाऱ्या क्रौर्याचे राज्य चालले. गांबियात, लायबेरियाहून परतलेल्या सैनिकांमध्ये थकलेल्या भत्त्यांवरून धुसफूस होती. २२ जुलै १९९४ रोजी तरुण अधिकाऱ्यांनी जावारा यांची सत्ता उलथवली. समितीतला निवडून आलेला एकमेव राष्ट्रप्रमुख असा गेला. त्याच्या जागी बसलेला लेफ्टनंट होता याह्या जामे. २०१७ मध्ये ज्याला घालवण्यासाठी शेजारी सैन्य घेऊन आले, तो हाच माणूस. या पुस्तकाचे नाव याच धाग्यावरून आले आहे.

माझी स्वतःची या विषयाशी ओळख झाली ती जुलै २००० मधल्या बातम्यांतून. सिएरा लिओनच्या कैलाहून भागात संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोप्या घातलेले २२२ भारतीय सैनिक सुमारे अडीच महिने बंडखोरांच्या वेढ्यात होते. ‘ऑपरेशन खुकरी’ने त्यांची सुटका केली. आपल्याकडे ती शौर्यकथा म्हणून वाचली गेली, आणि ती तशी आहेच. पण वेढा पडला का, या प्रश्नाने मला मागे नेले. आदल्या वर्षी लोमे इथे झालेल्या तहात सांकोह यांना माफी आणि वर देशाच्या खनिजांवरचे पद दिले गेले होते. तिथे लढून थकलेल्या नायजेरियाला सैन्य परत न्यायचे होते, म्हणून शांततेची घाई झाली. हिऱ्यांच्या खाणी ज्याच्या हातात, त्यालाच त्यांची राखण सोपवली गेली. वर्षाच्या आत तह मोडला आणि वेढ्यात सापडले ते दूरदेशीचे सैनिक. त्याच काळात संयुक्त राष्ट्रांच्या दलाचे भारतीय सेनापती आणि नायजेरियन अधिकारी यांच्यातले मतभेद चव्हाट्यावर आले, आणि सप्टेंबरमध्ये भारताने आपली तुकडी मागे घेण्याचे जाहीर केले. बाहेरचा पाहुणा आणि घरचा पंच यांना एकाच कामाला जुंपणे किती अवघड, हे या प्रसंगातून कळते.

सुरक्षा आणि राजनय ही तराजूची दोन पारडी आहेत, एकात वजन घातले की दुसरे वर जाते, अशी कल्पना घेऊन मी अभ्यासाला लागलो होतो. ती आता उरलेली नाही. बळाने फक्त वेळ मिळतो. त्या वेळात काय घडणार, ते वाटाघाटींनी ठरते. आणि वाटाघाटीतून निघालेला तह टिकणार की नाही, हे तो कोणाच्या वतीने झाला यावर अवलंबून असते. लोमेचा तह सरकारने बंदूकवाल्यांशी केला होता. चार वर्षांनी घानाच्या अक्रामध्ये वेगळे काही घडले, म्हणून या पुस्तकाचा सर्वांत दीर्घ भाग मी अक्राला दिला आहे.

२००३ मध्ये लायबेरियाचे दुसरे यादवी युद्ध मनरोव्हियाच्या दारात येऊन ठेपले होते. दोन्ही युद्धांत मिळून सुमारे अडीच लाख माणसे मेल्याचा अंदाज आहे. नायजेरियाचे माजी राष्ट्रप्रमुख अब्दुलसलामी अबुबकर यांच्या मध्यस्थीने अक्रामध्ये बोलणी सुरू झाली. ४ जूनला, तोवर लायबेरियाचे अध्यक्ष झालेले टेलर तिथे असतानाच सिएरा लिओनच्या विशेष न्यायालयाने त्यांच्यावरचे आरोपपत्र उघड केले. पाहुण्याला अटक करावी की बोलणी वाचवावीत, या पेचात घानाने त्यांना परत जाऊ दिले. पुढचे आठवडे हॉटेलात राहणारे टोळीप्रमुख पदांच्या वाटणीत रमले आणि तिकडे शहरावर तोफगोळे पडत राहिले. तेव्हा लेमा बोवी यांच्यासह लायबेरियन स्त्रिया सभागृहाच्या दाराशी हातात हात अडकवून बसल्या. तह झाल्याशिवाय आतल्या कोणालाही बाहेर सोडणार नाही, असे त्यांनी सांगितले. अबुबकर यांनी त्यांना हुसकावले नाही, त्यांचे ऐकून घेतले. ऑगस्टच्या सुरुवातीला नायजेरियन सैनिक मनरोव्हियात उतरले, ११ तारखेला टेलर नायजेरियाच्या आश्रयाला गेले, १८ तारखेला सर्वंकष तह झाला आणि ऑक्टोबरमध्ये संयुक्त राष्ट्रांनी सूत्रे हाती घेतली. सैन्य, आश्रयाचे दार, मध्यस्थ आणि दाराशी बसलेले लोक, यांतले एक जरी कमी असते तरी तो ऑगस्ट तसा गेला नसता.

या तहानंतर आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत २००७ पासून भारताची महिला पोलीस तुकडी मनरोव्हियात होती. संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातली केवळ महिलांची ती पहिली तुकडी. २०१६ मध्ये ती परतली. २००५ च्या निवडणुकीत लायबेरियाच्या अध्यक्ष म्हणून निवडून आलेल्या एलेन जॉन्सन सरलीफ आणि लेमा बोवी या दोघींना २०११ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. टेलर यांना सिएरा लिओनमधल्या गुन्ह्यांसाठी २०१२ मध्ये पन्नास वर्षांची शिक्षा झाली. आश्रय देऊन युद्ध थांबवणे आणि पुढे न्याय करणे, या दोन गोष्टींमधला ताण मात्र संपला नाही. पुढच्या वेळी आश्रय घेताना प्रत्येक हुकूमशहा टेलर यांचे काय झाले हे आठवणारच.

दरम्यान समूहाने आपले कागद दुरुस्त केले होते. डिसेंबर १९९९ मध्ये संघर्ष रोखणे, मिटवणे आणि शांतता राखणे यांची यंत्रणा उभारणारा करार झाला. २००१ च्या पुरवणी करारात घटनाबाह्य सत्तांतराला थारा न देण्याचे ठरले. बंडातून आलेल्या राज्यकर्त्यांचा समूह बंडाविरुद्ध नियम करतो, ही वाटचाल साधी नव्हे.

त्या नियमाची परीक्षा २०१६ च्या डिसेंबरात झाली. बावीस वर्षे सत्तेवर असलेले जामे निवडणूक हरले, पराभव मान्य केला आणि आठवडाभरात शब्द फिरवला. नाताळाच्या आधी आणि नंतरही शेजारी राष्ट्रप्रमुखांच्या फेऱ्या झाल्या. त्यांच्या अग्रभागी समूहाच्या तेव्हाच्या अध्यक्ष सरलीफ होत्या, ज्यांच्या देशाने एकेकाळी बांजुलमधल्या निर्णयाने आलेले सैन्य पाहिले होते. १९ जानेवारीला निवडणूक जिंकलेले आदामा बारो यांनी सेनेगलच्या डाकारमधल्या आपल्याच देशाच्या दूतावासात शपथ घेतली आणि मदत मागितली. त्याच दिवशी सुरक्षा परिषदेने, राजकीय मार्गांना पहिले स्थान देत, समूहाला पाठिंबा दिला. सैन्य सीमा ओलांडून आत आले आणि अखेरच्या बोलणीसाठी थांबले. गांबियाच्या सेनाप्रमुखांनी आपले सैनिक या भांडणात झोकायला नकार दिला. २१ जानेवारीला जामे विमानात बसले.

या यशाचे श्रेय केवळ सैन्याला देणे चूक ठरेल. मत दिलेले लोक होते, निवडून आलेला माणूस स्वतः मदत मागत होता, समूहात फूट नव्हती, समोरच्या सैन्याला लढायचे नव्हते आणि जायला वाट ठेवली होती. या पाच गोष्टी बाजूला ठेवून नुसती धमकी उचलली तर काय होते, ते २०२३ मध्ये नायजरमध्ये दिसले. २६ जुलैला तिथे अध्यक्ष मोहम्मद बाझूम यांना त्यांच्याच रक्षकदलाने कोंडले. चार दिवसांत समूहाने आठवड्याची मुदत देऊन बळाचा इशारा दिला, सीमा बंद केल्या, आणि नायजेरियाने वीज तोडली. नायजरची सुमारे सत्तर टक्के वीज तिथूनच येत असे. अंधार झाला तो दवाखान्यांत आणि घरांत. माली आणि बुर्किना फासो यांनी नायजरवरचा हल्ला हे आपल्याविरुद्धचे युद्ध मानू असे जाहीर केले. सीमेच्या दोन्ही बाजूंना हौसा बोलणारी एकच कुटुंबे राहत असल्याने नायजेरियातच या लढाईला विरोध झाला. मुदत संपली, सैन्य निघाले नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये बहुतेक निर्बंध उठले, पण तोवर तिन्ही देशांनी समूह सोडण्याचे जाहीर केले होते. २९ जानेवारी २०२५ रोजी ते रीतसर बाहेर पडले. तेव्हाच्या पंधरा सदस्यांचे बारा झाले.

मराठी वाचकाने हे का वाचावे? कारण आपणही एका राष्ट्रसमूहाचे सदस्य आहोत. १९८५ मध्ये ढाक्यात जन्मलेल्या सार्कच्या सनदेने द्विपक्षीय आणि वादग्रस्त प्रश्न चर्चेतून वगळले, म्हणजे भावकी जमवायची पण बांधाचा विषय काढायचा नाही. सार्कची शेवटची शिखर परिषद २०१४ मध्ये काठमांडूला झाली. इकोवासने उलट टोकाचा मार्ग घेतला, चुका केल्या, हात पोळून घेतले, पण प्रश्नाला हात घातला. मी पश्चिम आफ्रिकेचा दाखला आपल्यावर जसाच्या तसा लादू इच्छित नाही, आपली भूमी आणि आपली युद्धे वेगळी आहेत. मात्र मौन हीसुद्धा एक निवड असते आणि तिचीही किंमत कोणीतरी मोजत असते, एवढे या इतिहासातून मी निश्चितपणे शिकलो.

पुस्तकाचे चार भाग आहेत : लायबेरिया आणि सिएरा लिओन, अक्राची बोलणी, गांबिया, आणि साहेलमधल्या या तीन देशांची फूट. घटनाक्रम ठाऊक नसलेल्या वाचकाने पहिला भाग सावकाश वाचावा, नावे अनोळखी असली तरी माणसे लवकरच ओळखीची होतील. लष्करी डावपेचांचे तपशील मी आवश्यक तेवढेच दिले आहेत. बोलणीच्या खोलीत कोण होते, बाहेर कोण थांबले होते आणि परत गेल्यावर कोणाला काय सोसावे लागले, यांकडे अधिक लक्ष दिले आहे.

शेवटी एक साधी गोष्ट सांगतो. तीन देश बाहेर पडले त्या दिवशी समूहाने आपल्या अधिकाऱ्यांना कळवले, की या देशांच्या नागरिकांकडची समूहाचे चिन्ह असलेली ओळखपत्रे आणि पारपत्रे तूर्त पूर्वीसारखीच ग्राह्य धरावीत आणि त्यांची ये-जा अडवू नये. राष्ट्रप्रमुखांचे फाटले होते, धमक्या विरल्या होत्या, निर्बंध फसले होते. तरी नायजरच्या नियामेहून कांदा घेऊन निघालेल्या व्यापाऱ्यासाठी १९७९ चे दार उघडे ठेवले गेले. शेजारधर्म इतका तरी उरला, तर पुढच्या बोलणीला बसायला जागा राहते. हे पुस्तक त्या जागेविषयी आहे.